आधी नाव

आमच्या धसईत कुणाची म्हैस व्याली की पहिले हजर सदूकाका. रेडकू अजून पायावर उभं नाही, तोच गोठ्याच्या दारातून ओरडतात, "नाव काय ठेवलंस गो?" एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, त्याचं तोंड तरी पुसू द्या!" तर म्हणे, "तोंड मागून पूस. आधी नाव." आणि स्वतःच ठेवून मोकळे झाले: शांताराम. माझ्या सासऱ्यांचं नाव शांताराम. घरात आठवडाभर नुसता तमाशा!

काकांचा जन्म अणूंच्या मागे गेला, म्हातारपणी गावी परतले. शिकले मुरबाडला, पोचले परदेशातल्या मोठमोठ्या यंत्रांवर. तिथे म्हणे अणूंचे गाभे आपटून नवे किरणोत्सर्गी गाभे बनवतात. ते पापणी लवायच्या आत संपतात. तेवढ्यात त्यांना नळीतून पळवत न्यायचं, ओळखायचं, वजन करायचं.

"एवढा आटापिटा कशाला?" मी विचारलं.

"अगो, जगला ना तो? मग कोण होता ते नको कळाया?"

मी पदर तोंडाला लावून हसले.

मग माझी लेक सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी, मूठभर. मुरबाडच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेली. काका जीपने धापा टाकत आले. "नाव ठेवलं?"

माझं डोकंच फिरलं. "बारसं बाराव्या दिवशी असतं, ठाऊक नाय तुमाला? इथं जिवाला घोर, आणि तुमचं काय भलतंच!"

काका बाकावर बसले. "आमची लेक पण अशीच होती गो. मी तिकडं. कितीतरी दिवस थांबून यंत्रावर पाळी मिळालेली. म्हटलं, काम उरकून बारशाला पोचतो. ती थांबली नाय." डोळे पुसायचंही त्यांना सुचेना.

खाटेवरून लेक म्हणाली, "आई, रेवा."

काकांनी काचेशी वाकून हाक मारली, "रेवा!" मग मी, मग जावयाने. नर्स ओरडेस्तोवर आम्ही हाका मारत होतो.

दुसऱ्या दिवशी रेवा गेली. अशा लेकरासाठी लोक 'बाळ गेलं' म्हणतात आणि गप्प होतात. आम्ही तिचं नाव घेऊन रडलो, अजून रडतो.

परवा काकांना म्हटलं, "तुमच्या लेकीलाही आता नाव ठेवा की."

"नाव होतं गो तिला. तुझ्या काकीनं ठरवलेलं. बारशाला सांगीन म्हणालेली." काका अंगणाकडे बघत राहिले. "मग मी कधी विचारलं नाय. तिनं कधी सांगितलं नाय. आता ती पण नाय."