द्रष्टा म्हणतो, ‘पाहतो’

मराठी भाषेत तत्त्वज्ञानाने काठोकाठ भरलेला एकच शब्द आहे, आणि तो म्हणजे ‘पाहतो’. ‘पाहतो’ म्हणणारा माणूस होकार देत नाही, नकार देत नाही आणि पाहत तर मुळीच नाही. समोरच्याचं समाधान होतं, आपलं मन निर्मळ राहतं. बाकीच्यांनी एवढ्यासाठी जाडजूड ग्रंथ लिहिले. आपण तीन अक्षरांत भागवलं.

मी बडनेरा स्टेशनवर चौकशीच्या खिडकीत बसतो. चौदा वर्षं लोक मला ‘गाडी कवा येते?’ एवढंच विचारत आले आणि मी ‘पाहतो’ म्हणत आलो. इतक्या प्रदीर्घ चिंतनानंतर माणूस तत्त्वज्ञ झाला नाही तरच नवल. म्हणून २००६ साली धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या मुहूर्तावर (मुहूर्त आम्ही मानत नाही, पण सुट्टी होती) मी स्वतःची वेबसाइट काढली. नाव ठेवलं ‘सम्यक दृष्टी’. अष्टांगिक मार्गातली ही पहिली पायरी. उरलेल्या सात सवडीने चढण्याचा विचार होता.

तिथे मी ‘द्रष्टा’ या नावाने लिहीत असे. टोपणनाव घेण्याची कारणे पुढीलप्रमाणे : (अ) सरकारी नोकराने मतं बाळगू नयेत असा नियम आहे. (बहुधा नाही, पण मी विचारायला गेलो नाही.) (ब) थोर विचार ओळखीच्या माणसाचा निघाला की लोक तो मानत नाहीत. (क) आपल्याला कोणीतरी ओळखेल ही भीती. यातलं तिसरं कारण बिनबुडाचं निघालं. द्रष्टा कोण, असं चौदा महिन्यांत एकानेही विचारलं नाही. गुप्ततेत इतकं यश गुप्तहेर खात्यालाही लाभलं नसेल.

चौदा महिन्यांचा अहवाल असा. लेख एकसष्ट. भेटी अकराशे चाळीस, पैकी एक हजार नऊ माझ्या स्वतःच्या (यंत्रसुद्धा मला ओळखत नव्हतं). अभिप्राय एकोणीस. त्यातले तीन परदेशी लॉटरीवाल्यांचे. दोन मीच दुसऱ्या नावाने माझ्याशी मतभेद नोंदवण्यासाठी लिहिलेले. उरलेल्या चौदा जणांचं म्हणणं एकच : ‘शिबीर कवा हाय?’

हे जरा समजावून सांगायला हवं. त्या वर्षांत वऱ्हाडात कपाशीवर लाल्या पडला, सोयाबीनने दगा दिला, पण शिबिरांचं पीक मात्र बेफाम आलं. मुंबई-दिल्लीचे अभ्यासक बडनेऱ्याला उतरायचे आणि माझ्या खिडकीशी येऊन जवळात जवळचं संकटग्रस्त गाव विचारायचे. (संध्याकाळची परतीची गाडी सापडेल असं.) ध्यानाचं शिबीर, समुपदेशनाचं शिबीर, मोठ्याने हसण्याचं शिबीर, डोळ्यांचं शिबीर, आणि प्रत्येकाच्या नावात पहाट, किरण किंवा ज्योत. अशा दिवसांत ‘सम्यक दृष्टी’ वाचून कोणाला मोतीबिंदूचं मोफत ऑपरेशन वाटलं, तर त्यात वाचकाचा दोष नाही. ‘द्रष्टा’ हे डॉक्टरचं आडनाव ठरलं. एकाने तर आदराने ‘डॉ. द्रष्टेसाहेब’ केलं. मी खचलो नाही. ‘अज्ञानाचा मोतीबिंदू’ असा दणदणीत लेख लिहून सगळ्यांना एकदम उत्तर दिलं. त्याखाली लगेच अभिप्राय आला, ‘थो कोन्या हप्त्यात काढता?’

आता घरचं. माझे बाबा, देवमन, अंजनगाव सुर्जीजवळच्या गावात एकटे राहत. दर रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा.

“अश्विन, उजव्या डोयानं दिसून नाही राहिलं बा. तुले सुट्टी कवा हाय? अमरावतीले दाखवून आणलं असतं.”

“पाहतो, बाबा.”

असे सलग अकरा रविवार. रस्ता बसने फार तर दोन तासांचा. पण रविवार हा माझा लेखनाचा वार. अकराव्या रविवारी तर फोन ठेवला आणि त्याच तंद्रीत ‘पाहणे म्हणजे काय?’ हा एकसष्टावा लेख लिहून काढला. मला तो अजूनही आवडतो. ‘डोळे असून जो पाहत नाही तोच खरा आंधळा’ हे वाक्य त्यातलंच. लिहिताना माझे डोळे भरून आले. ते पुसून मी पुन्हा लिहायला लागलो.

तीन दिवसांनी या लेखाखाली विसावा अभिप्राय पडला.

‘डॉक्टरसाहेब, जय भीम. मी अंजनगावकडला. मोतीबिंदू पार पिकला, आता डोया दुखते बी. पोरगा हाय, पन त्याले टाइम नाही, थो मोठ्या कामात हाय. तुमचं शिबीर कुठी हाय थे सांगा, मी एकटा येतो. हे सायबर कॅफेवाले उजैरभाई लिहून देऊन राहिले. देवमन.’

इथे तत्त्वज्ञानाची कसोटी लागली. आपण कोण हे सांगावं तर द्रष्टा संपतो, न सांगावं तर बापाला काय सांगावं? उत्तराच्या पहिल्या मसुद्यात मी दुःखाचं मूळ घेतलं, दुसऱ्यात अनित्यता. मग लाज वाटून दोन्ही खोडले. (या सबंध हकिगतीत माझ्या बाजूची नोंद एवढी एकच आहे.) शेवटी खिडकीत बसल्यासारखी बोटं आपोआप चालली आणि मी लिहिलं, ‘पाहतो.’ खाली सही, द्रष्टा.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. चौदा महिन्यांत मला ओळखणारा तो पहिला वाचक.

‘अश्विन, तूच हायेस का बा?’

त्याच दिवशी रजा टाकून गेलो आणि बाबांना अमरावतीला आणलं. डॉक्टरांनी (खऱ्या) डोळ्यात बॅटरी मारली आणि विचारलं, “आधी का नाही आणलं?” मी चौकशी खिडकीचा चौदा वर्षांचा अनुभवी माणूस, पण इथे ‘पाहतो’ चालणार नव्हतं. मोतीबिंदू पिकून आतला दाब वाढला होता. डावा डोळा वाचला. उजवा गेला.

परतीच्या बसमध्ये बाबा काळा चष्मा लावून बसले होते.

“उजैरभाईनं तुयं सारं वाचून दाखवलं मले,” ते म्हणाले. “समजलं काहीच नाही, पन लय मोठं लिहितं बा तू. पोरगा मोठ्या कामात हाय म्हनलो होतो ना मी? थे खोटं नाही.”

त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. अंजनगाव येईपर्यंत मी खिडकीबाहेर तोंड करून रडलो.

उतरताना ते एवढंच बोलले, “शिबीर इचारतेत त्यायले जवाब देत जाय.” तेव्हापासून ‘सम्यक दृष्टी’वर फक्त जिल्ह्यातल्या नेत्रशिबिरांच्या तारखा असतात. भेटी दसपट झाल्या. एकसष्ट लेख तसेच आहेत, उघडत कोणी नाही. तुम्ही मात्र अपवाद म्हणून लिहिलेला हा बासष्टावा शेवटपर्यंत वाचलात, म्हणजे तुम्हाला सवड आहे आणि विचारांची आवडही. तुमचं नाव मी विचारत नाही. मागल्या रविवारी घरून फोन आला तेव्हा तुम्ही काय म्हणालात, तेवढं सांगा.

राहू द्या. ओळखलं.