टोलेडोच्या छावणीत लायल ग्रबोव्स्की यांनी बर्फाचा हौद लढविला त्याची हकीकत

ऐकणाराने सावध होवोन ऐकावे. ऑगस्ट अखेरचा मंगळवार, ओहायो प्रांती टोलेडो मुक्कामी, व्यावसायिक अमेरिकी फुटबॉलाच्या फौजेवर जो प्रसंग गुदरला, त्यात लायल ग्रबोव्स्की नामे शिलेदाराने हौदात बसोन आपली जागा कैसी राखिली, ते यथास्थित लिहितो. पदरचे काही घालीत नाही. घातलेच असल्यास चवीपुरते.

फौजेचा कायदा ऐसा की, उन्हाळाभर नव्वद असामी छावणीत पोसावे, त्यांचा घाम काढावा, आणि ह्या मंगळवारी दुपारी चार वाजण्याआत त्रेपन्न ठेवोन बाकीच्यांस निरोप द्यावा. चार म्हणजे चार. तेथे कोणाचा मुलाहिजा नाही. निरोपाचे काम मर्ल हॅस्किन्स नामे थोराड गृहस्थाकडे. त्यास तमाम फौज 'तुर्क' म्हणे. का म्हणे ते कोणास ठाऊक नाही, बिचाऱ्याच्या बापजाद्यांनी ओहायोची शीव ओलांडिली नव्हती. पूर्वी हा स्वतः खेळत असे, मग गुडघा गेला आणि ह्या चाकरीस लागला. तो येवोन खांद्यावर हात ठेवी आणि म्हणे, हुजूर बोलावितात, टॅब बरोबर घ्या. टॅबात फौजेचे सारे डावपेच. तो परत मागितला की समजावे, दाणापाणी आटोपले.

आता लायलरावांची मनसब ऐका. ओणवे व्हावे, चेंडू दोन पायांमधून मागे फेकावा, आणि मागे उभ्या लाथ मारणाराच्या हाती बरोबर पोहोचवावा, इतकीच. नीट फेकिला तर कोणी नाव घेत नाही, आणि चुकला तर अवघा मुलूख आईबापांचा उद्धार करतो. ऐशा ह्या वीरास चार फौजांनी चार उन्हाळे राबवोन ऐन मंगळवारी वाटेस लाविले होते. यंदा पाचवा. सासरे सँडस्की गावी सिमेंटचा कारखाना चालवीत. त्यांनी मोठ्या मनाने जावयासाठी निळा सदरा शिववोन, छातीवर 'लायल' ऐसे नाव भरवोन, खुंटीस टांगोन ठेविला होता. आणि पत्नी जनेलबाई यांशी तह जाहला होता की, यंदा राहिला तर राहिला, नाही तर येत्या सोमवारी मुकाट्याने सदरा घालावा. लायलरावांस तुर्काहून त्या सदऱ्याचे भय अधिक.

आणखी एक रिवाज सांगणे अगत्याचे. छावणीत जे कच्चे, त्यांचे नाव कपाटावर पांढऱ्या चिकटपट्टीवर शाईने लिहीत. जे पक्के, त्यांच्या नावाची कोरीव पाटी. लायलरावांस उभ्या हयातीत पाटी मिळाली नव्हती. आणि शेजारच्या कपाटावर दुसरी पट्टी होती, टोबिन रीस याची; हुन्नर तोच, उमर कमी, आणि छावणीत दोघे एकाच खोलीत निजत. जागा मात्र एक.

मंगळवारी उजाडताच तुर्क बाहेर पडला, आणि एकच पळापळ जाहली. तो जेवणघराकडे वळला की तेथील असामी मागील दाराने निघत, आणि मग तो जिन्याकडे वळला की जिने ओस पडत. लायलराव कपाटापाशी येवोन पाहतात तो त्यांची पट्टी गायब! गोंदाचा डाग तेवढा उरलेला. आणि टोबिनची पट्टी जागेवर शाबूत. मग त्यांनी जनेलबाईंस संदेश धाडिला की सदरा इस्त्री करोन ठेव, आणि मग मनाशी मसलत केली की तुर्कास आपण गवसलोच नाही तर तो टॅब मागणार कोणाकडे, आणि चार वाजोन गेल्यावर मागून काय उपयोग? हा कायदा त्यांस कोणी सांगितला देव जाणे. तथापि टॅब प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळोन, दुखऱ्या अंगासाठी बर्फाचा हौद असे त्या खोलीत शिरले, आणि गळ्यापर्यंत बुडाले.

बहुत वेळ गेला. दात वाजू लागले, ओठ जांभळे पडले, तरी लायलरावांनी मोर्चा सोडिला नाही. आणि मग दार उघडले, आणि खासा तुर्क लंगडत आत आला. लायलरावांनी डोळे मिटोन पिशवी पुढे केली.

"घे काका. तू मागायच्या आधी मीच देतो."

"मला कशाला?" तुर्क विजारीचा पाय वर दुमडत म्हणाला. "सकाळपासून जिने चढतोय, गुडघा ठणकतोय नुसता. सरक जरा."

"माझी पट्टी काढलीय."

"मग? पाटी लावायची तर पट्टी काढायलाच लागते ना, शहाण्या? सामानवाला स्क्रू शोधायला गेलाय."

लायलरावांस आनंदाने हसावे की रडावे कळेना, आणि थंडीने दोन्ही जमेना. मग एकाएकी त्यांस आठवण जाहली.

"आणि टोबिन?"

तुर्काने पाय हौदात सोडिला आणि कपाळास आठ्या घातल्या. "जेवतोय. आईशी फोनवर बोलत बोलत. पट्टी शाबूत बघून खूश आहे पोरगा."

"त्याला जेवण संपवू दे ना, काका."

"म्हणून तर इथं भिजत बसलोय," तुर्क म्हणाला.

काही वेळाने तुर्क पाय पुसोन उठला, आणि जेवणघराकडे गेला. लायलराव जिंकले होते, आणि त्यांस फार वाईट वाटले.

चार वाजले. टोबिनचे कपाट रिकामे जाहले होते. लायलरावांनी घोंगडी लपेटून जनेलबाईंस फोन लाविला.

"राहिलो."

"खरंच? अरे, मग रडतोस कशाला?"

"थंडी वाजतेय. आणि हे आजच्यापुरतं हं. बाकीच्या संघांनी काढलेले उद्या दुपारी मोकळे होतात. त्यातला एखादा आमच्या साहेबांना आवडला, तर परत निरोप मलाच."

पलीकडे जनेलबाईंनी सदरा हाती घेतला. "सदऱ्याला इस्त्री झालीय. काय करू?"

"घडी घाल. टाकू नको."

येणेप्रमाणे टोलेडोची मोहीम फत्ते जाहली, लायल ग्रबोव्स्की यांनी बर्फात राहोन जागा राखिली, आणि त्यांच्या नावाची कोरीव पाटी त्याच सायंकाळी कपाटावर चढली. पाटीस भोके चार. सामानवाल्याने दोन स्क्रू पिळले, आणि उरलेले दोन, उद्या दुपारनंतर पाहू म्हणोन, खिशात ठेविले. बरहुकूम नोंद केली असे.