दोनशे घोड्यांची क्लचप्लेट

"येत्या रविवारी ही गाडी पाण्याच्या टाकीचा चढ असा चढेल, असा चढेल, की वर पोचल्यावर तिची सावली धापा टाकत मागून येईल!"

असं अप्पा म्हणाले तेव्हा गाडीला क्लचप्लेटच नव्हती. पण अप्पांची वाक्यं असल्या बारीकसारीक गोष्टींसाठी थांबत नसत.

गाडी जुनी, इंजिन मागच्या बाजूला, आणि ते थंड करायला पाणी नाही, नुसती हवा. हवेची अप्पांकडे कधीच टंचाई नव्हती. परसातल्या शेडमध्ये तीन वर्षं त्यांनी त्या इंजिनाचे लाड केले. मोठे पिस्टन घातले, एकाचे दोन कार्बोरेटर केले. आणि त्याच तीन वर्षांत त्यांच्या सौ., म्हणजे सगळ्या गल्लीच्या वहिनी, घरातल्या बोळात शिलाईचं मशीन मांडून बसल्या होत्या. वहिनी गाड्यांची सीटकव्हरं शिवायच्या. न्हाणीघरात जायचं तर रेक्झिनच्या सहा गुंडाळ्या ओलांडाव्या लागत. पाहुणे आले की आधी पाय वर करायला शिकत, मग बसायला.

वहिनींना ती शेड हवी होती. शेवटी वहिनींच्या धाकट्या भावाने, म्हणजे अप्पांच्या मेहुण्याने, तोड काढली. रविवारी गाडी न थांबता टाकीपर्यंत चढली तर शेड अप्पांची. नाही चढली तर गाडी मेहुण्याची. मेहुण्याचा धंदा जुन्या गाड्या घ्यायचा-विकायचा, आणि त्याने गिऱ्हाईकही हेरून ठेवलं होतं.

"कपड्यांचं दुकान आहे त्याचं," मेहुणा म्हणाला. "पुढचा अर्धा भाग कापून काउंटर करणार. दिवे चालू ठेवणार म्हणतो, छान दिसतील!"

अप्पा उठले आणि शेडला कुलूप लावून आले.

आता राहिली होती फक्त क्लचप्लेट. ती म्हणजे काय, हे अप्पा तीन महिने रोज जेवताना वहिनींना समजावत होते. एक ताटली म्हणजे इंजिन, दुसरी ताटली म्हणजे गिअरबॉक्स, आणि मधलं झाकण म्हणजे क्लच.

"झाकण घट्ट धरलं की दोन्ही ताटल्या एकत्र फिरतात. कळलं?"

"हं," वहिनी म्हणायच्या, आणि तिन्ही भांडी घासायला घ्यायच्या.

गल्लीच्या टोकाला एक मेकॅनिक होता. तो सारखा दहा-अकराचा पाना शोधत असायचा, म्हणून त्याचं नावच दहाअकरा पडलं होतं. त्याने अप्पांना बजावलं, "दुकानात गेलात की पार्टवाला एकच प्रश्न विचारील, घोडे किती? म्हणजे इंजिनाची ताकद. तेवढं खरं सांगा. एवढं सगळं करूनही तुमचे फार तर बासष्ट भरतील."

"बासष्ट तर बासष्ट," अप्पा म्हणाले. आणि ते खरंच सांगणार होते हो! पण दुकानात पाऊल टाकतात तर काउंटरला रेलून मेहुणा उभा.

"घोडे किती?" पार्टवाल्याने विचारलं.

मेहुणा गालात हसला. "चाळीस असतील."

"दोनशे!" अप्पा म्हणाले.

पार्टवाल्याने चष्मा वर केला. त्याने हातातला एक खोका उघडून दाखवला आणि बाजूला सारला. त्यातली प्लेट गोल, गुळगुळीत, मधे छोट्या स्प्रिंगा. "ही सभ्य माणसाची. हळूच धरते, हळूच सोडते. पण शंभरापर्यंतच. दोनशेला ही घ्या." दुसऱ्या खोक्यातून निघाला चार पंजे असलेला धातूचा एक राक्षस. ना स्प्रिंग, ना गोलाई. "शर्यतीची आहे. हिला मधलं काही कळत नाही. धरलं तर धरलं, सोडलं तर सोडलं. आणि हिला दाबून धरायला ही जाड प्रेशर प्लेट. पाय भक्कम आहे ना?"

"खांब आहे खांब!" अप्पा मांडीवर थाप मारून म्हणाले. थाप जरा जोरात बसली, पण मेहुण्यासमोर ते कळवळले नाहीत.

दहाअकराने ती प्लेट दोन बोटांत धरली. "अप्पा, ही क्लचप्लेट आहे की अस्वलाचा पंजा? बदलून आणा."

"बसव!"

"बसवतो. पाय तुमचा, गुडघा तुमचा."

शनिवारी सकाळी अप्पा चालवायला बसले. पेडलवर डावा पाय ठेवून दाबला. पेडल जागेवर, अप्पा वर! डोकं छताला लागलं. मग त्यांनी स्टिअरिंगला दोन्ही हातांनी मिठी मारून, दात आवळून, पेडल एकदाचं तळाला नेलं आणि गिअर टाकला. आता पाय हळूहळू सोडायचा. पण तो हळूहळू राहायलाच तयार नव्हता! थरथरत थरथरत एकदम सुटला, आणि गाडीने जी उडी मारली ती थेट शेजारच्या निवृत्त नर्सबाईंच्या वाळणाच्या दोरीतून पलीकडे. पांढरी चादर काचेवर पसरली, आणि दोरीसकट गाडी पाण्याच्या पिंपापाशी थांबली. भेदरून अप्पांनी पुन्हा पेडल दाबून धरलं.

चादर सोडवायला नर्सबाई धावत आल्या. काचेतून बघतात तर अप्पांचा चेहरा लालबुंद, डोळे बाहेर आलेले आणि डावा पाय लटलटतोय.

"अप्पा! काय होतंय?"

"सोडता येत नाही!"

"श्वास?"

"पाय! सोडला तर संपलं!"

"काही संपत नाही, मी आहे!" असं म्हणून त्यांनी दार उघडलं, अप्पांना काखेत धरून बाहेर ओढलं (गाडी पिंपाला एक ढुशी देऊन बंद पडली), अंगणात आडवं केलं आणि मांडीपासून घोट्यापर्यंत असं बँडेज आवळलं की पाय वल्ह्यासारखा सरळ झाला.

"अहो बाई, मला काही झालेलं नाही! तो क्लच..."

"सगळे असंच म्हणतात. एकतीस वर्षं वॉर्ड सांभाळलाय मी. तीन दिवस पाय वाकवायचा नाही!"

नर्सबाईंचं बँडेज सोडायची हिंमत गल्लीत कोणाची नव्हती. अप्पांची तर नव्हतीच.

रविवारी चढाच्या पायथ्याशी सगळी गल्ली जमली. अप्पा एक पाय पुढे करून खुर्चीत बसलेले, तोफेसारखे.

"दहाअकरा चालवेल," ते म्हणाले.

"छे! घरातलंच माणूस पाहिजे," मेहुणा म्हणाला. "आणि गाडीत दम नाही, हे आधी मीच दाखवतो."

तो बसला, दोन्ही पायांनी पेडल दाबलं आणि सोडलं. एक उडी, दोन उड्या, तिसऱ्या उडीला मेहुण्याचा चष्मा मागच्या सीटवर आणि इंजिन बंद.

"ही गाडी नाही, बेडूक आहे!" मेहुणा चाचपडत बाहेर आला. "भावोजी, बोलणं संपलं. कागद द्या."

अप्पांनी मडगार्डवरून हात फिरवला. आवाज एकदम खाली आला. "घेऊन जा. पण कापू नको रे तिला."

तेवढ्यात मागून वहिनी आल्या, गळ्यात टेप तसाच.

"सरक जरा," त्या मेहुण्याला म्हणाल्या. "घरातलंच माणूस ना? मी आहे."

"ताई, तू? अगं, शेड तुलाच हवी होती ना?"

"हवीच आहे."

"अगं, पण तुला क्लच म्हणजे..." अप्पा खुर्चीतून म्हणाले.

"अहो, तीन महिने ऐकलंय. ताटल्या मीच घासल्यात. माझ्या मशीनच्या मोटरीला काय आहे, ठाऊक आहे?"

"काय?"

"क्लच! वीस वर्षं माझ्या पायाखाली आहे. कधी खाली वाकून बघितलंत?"

दहाअकराने कपाळावर हात मारला. "क्लचमोटर! अप्पा, ती तर या पंजाहून खाष्ट! केसभर जास्त दाबलं की सुई बोटातून आरपार!"

"कोपऱ्यावर अर्धा टाका घालायचा असतो," वहिनी म्हणाल्या. "पाय दाबायचा नाही, असा नुसता दाबायच्या विचारात ठेवायचा." माहेरी असताना त्या वडिलांच्या दुकानाची व्हॅन चालवत. लायसन बटणांच्या डब्यात होतं, आणि दर वेळी मुदत वाढवलेलं. सीट पुढे ओढून त्यांनी पाठीशी रेक्झिनची गुंडाळी ठेवली, चप्पल काढली, पेडल दाबलं.

आणि गाडी निघाली! उडी नाही, हिसका नाही. सुईत दोरा जावा तशी चढाला लागली. पहिलं वळण, दुसरं वळण, टाकी आली.

"जिंकलो!" अप्पा एका पायावर उभे राहिले.

टाकी मागे पडली. गाडी थांबेना.

"ताई कुठे चालली?" मेहुणा ओरडला.

वहिनी दुपारी परत आल्या. टाकीपलीकडच्या बस डेपोची अकरा सीटकव्हरं दोन महिने शिवून पडली होती, ती पहाटेच पुढच्या डिकीत रचून ठेवली होती म्हणे. "न थांबता म्हणाला होतात ना?" एवढंच बोलल्या.

शब्दाप्रमाणे गाडी वाचली आणि शेड अप्पांची झाली. पण गाडी रोज सकाळी मालाच्या फेऱ्यांना बाहेर! मग रिकामी शेड ठेवायची कशाला? आठवड्यात मशीन तिथे गेलं. अप्पा आता शेजारच्या सीटवर मांडीवर कव्हरं घेऊन बसतात आणि दर गिअरला डावा पाय जमिनीवर दाबतात.

महिना असा काढल्यावर अप्पा एकटेच पार्टवाल्याकडे गेले. मेहुणा नाही ना, हे आधी नीट बघून घेतलं. मग काउंटरवर वाकून कुजबुजले, "ती सभ्य माणसाची प्लेट द्या. घोडे बासष्ट आहेत."

"ठाऊक आहे," पार्टवाला म्हणाला. "वहिनी कालच सांगून गेल्या. तुम्ही आलात तर ती प्लेट द्यायची नाही, असंही सांगून गेल्यात."

"मग?"

"त्यांनी मागवलेला माल आलाय, तो तुमच्या हाती द्यायचाय." आणि त्याने काउंटरवर एक नवा कोरा सीटबेल्ट ठेवला. शेजारच्या सीटचा.

"माप एकदा लावून बघा," तो म्हणाला. "पोटाचा आकडा वहिनींनी टेपने मोजून दिलाय. म्हणाल्या, यांना विचारू नका, ते कमी सांगतील."