पास्कल अंकलच्या जीपचा खट्टण्

पास्कल अंकल गाडीचा झिजलेला पार्ट भंगारात देत नाहीत. पुरतात.

घरामागच्या नारळाखाली हातभर खड्डा खणून, डोक्यावरची टोपी काढून. मग ते दात झिजून बोळकं झालेलं गिअर असो, नाहीतर पिचलेलं बेअरिंग. त्या नारळाला हल्ली शहाळ्यांऐवजी बेअरिंग लागतात आणि फोडलं की आतून ग्रीस निघतं, असं मी आमच्या सोसायटीत सांगतो आणि अर्ध्या लोकांना ते पटतं. एकदा चर्चच्या फादरनी हा विधी पाहिला. "पास्कल, हा काय प्रकार?"

"जल्मभर लोकांचं वजन वाह्यलं त्यानं, फादर. मेल्यावर त्यालाच काट्यावर कशाला तोलाचा?"

फादर निघून गेले. जाताना हळूच हात जोडले म्हणतात. मी तिथं नव्हतो, पण जोडलेच असणार.

घोडबंदर रोडच्या टोलेजंग बिल्डिंगांच्या मधे गावठाणाचा एक तुकडा अजून शिल्लक आहे. अंकलचं कौलारू घर तिथलं, आमच्या खिडकीच्या बरोबर खाली. वय सत्तरीपुढे. धंदा जुन्या जीपा दुरुस्त करण्याचा, त्याही फक्त चारही चाकांना ताकद जाणाऱ्या. दुसरी कुठली गाडी दारात आली, की चुकीची नवरी मांडवात आल्यासारखं तिच्याकडे बघतात. जीप आली, की आधी पान्याला हात नाही. बाजूला स्टूल टाकून बसायचं, डोळे मिटायचे आणि मालकाला म्हणायचं, "थोरी पुढं घे. थोरी मागं. बोलू दे तिला." मालकच मधे बोलला तर, "तू नको रे. तुला काय झालंय?"

अशा या माणसाची स्वतःची जीप मात्र ठाणे जिल्ह्यातली सगळ्यात बोंबलणारी जीप होती. घर्रर्र... खट्टण्! गिअर बदलला की खट्टण्! खाडीपलीकडचे बगळे उडायचे. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा लांब शाफ्ट असतो. त्याच्या टोकाच्या सांध्यातला क्रॉस नावाचा चौफुलीसारखा पार्ट झिजून पार खिळखिळा झाला होता. नवा क्रॉस घेतलेला होता. डॅशबोर्डच्या खणात, फडक्यात गुंडाळलेला. दर रविवारी चर्चमधल्या मिसाहून आले की अंकल तो काढून पुसायचे, तेल लावायचे आणि परत ठेवून द्यायचे.

"अंकल, बसवा ना तो. एखाद्या दिवशी शाफ्ट रस्त्यावर पडेल."

"बसवीन."

हे "बसवीन" ऐकून ऐकून माझे कान झिजले. शेवटी मी चिडलो. तेव्हा ते दाराकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "लगीन झाल्यापासून मी घराची बेल वाजवली नाय, बावा. वलणावर जीप वाजली, का मार्था दार उघरून उभी. आता साखरेनं तिची नजर गेली. भिंत धरून धरून येते. वलणापासून दारापर्यंत मला जेवढा टाइम लागतो, तेवढाच तिला लागतो. दिवसातलं तेवढं एक काम ती कोणाच्या हाताशिवाय करते. क्रॉस बदलला, तर तिला कलणार कसं?"

"हॉर्न वाजवा की!"

"या रोडवर हॉर्न कोण नाय वाजवत? कोणाकोणासाठी उठल ती?"



गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. संध्याकाळी काशिमिऱ्याहून मी त्यांच्या जीपमधून येत होतो. गायमुखच्या चढाला असा आवाज झाला, की टेंभी नाक्यावरची सगळ्यात उंच हंडी माझ्याच टाळक्यात फुटली. क्रॉस तुटला होता. शाफ्टचं एक टोक रस्त्यावर लोळत होतं. नवा क्रॉस खणात होता, पण तो ठोकून बसवणं भर रस्त्यात होण्यातलं नव्हतं. मागे बसवाले, ट्रकवाले आमच्या सात पिढ्यांची विचारपूस करत होते. अंकलनी सतरंजी टाकली, जीपखाली शिरले, बोल्ट सोडले आणि शाफ्ट अख्खा काढून मागच्या सीटवर आडवा ठेवला. मग छोटा दांडा ओढून पुढच्या चाकांना ताकद दिली, आणि जीप नुसत्या पुढच्या चाकांवर चढ चढू लागली! मागचं धूड पुढच्या दोन पायांनी ओढत बैल घरी निघावा, तशी.

मी टाळ्याच पिटल्या. "मानलं अंकल! आणि ऐका, आवाजसुद्धा नाही!"

अंकलनी माझ्याकडे पाहिलं. 

गावठाणाचं वळण आलं. जीप मांजरीसारखी वळली आणि अंगणात थांबली. दार बंद होतं. आत रेडिओ चालू होता. अंकल पायरीपर्यंत गेले. बेलच्या बटणाकडे हात नेला आणि मागे घेतला.

"मी वाजवू?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. टोपी काढून माझ्या हातात दिली आणि चालत परत वळणापर्यंत गेले. तिथं उभे राहिले. इकडेतिकडे पाहिलं. आणि सत्तरी उलटलेला तो माणूस, ग्रीसने माखलेल्या हातात नसलेलं स्टिअरिंग धरून, तोंडाने सुरू झाला.

"घर्रर्र... खट्टण्! घर्रर्र... खट्टण्!"

एरवी हा किस्सा मी सोसायटीत महिनाभर सांगत फिरलो असतो. त्या दिवशी हसू आलं नाही. मी त्या दाराकडे बघत राहिलो.

रेडिओ बंद झाला. भिंतीवरून हात घासत येत असल्याची चाहूल लागली. अंकल पायरीशी पोचायला आणि कडी निघायला एकच गाठ पडली. मार्था आंटी दारात उभी होती, नजर आमच्या डोक्यांवरून पलीकडे कुठेतरी.

"आयलास?" ती म्हणाली.

"आयलो."

 तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"गिअर चुकला तुजा, पास्कल. वलणावर तू दुसरा टाकतस."

अंकलनी मान डोलावली. मागे फिरले, पुन्हा वळणापर्यंत चालत गेले आणि दुसऱ्या गिअरमध्ये घरी आले.