अकरावा कॉर्नेट

वाद्य घेऊन कोणी दारात आलं, की नाना परचुरे आधी वाद्याला आत घेतात. पाहुण्याने चपला काढेपर्यंत ते खुर्चीवर बसलेलं असतं आणि पाहुण्यासाठी स्टूल उरतं. नाना वाद्याच्या कर्ण्यात नाक घालून हुंगतात. मग म्हणतात, "हं. घरात काय म्हणतात?"

नाना वजनमापे खात्यातून निवृत्त झाले. दुकानदारांच्या वजनांवर शिक्के मारण्यात नोकरी गेली. आता सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत ते जुन्या पितळी वाद्यांची वयं काढतात. त्याचं काही घेत नाहीत, आणि चहाही देत नाहीत. वहीत दोन रकाने असतात : 'घरात म्हणतात' आणि 'आहे'. दोन्हींत एकच मजकूर आल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

मार्केट यार्डातले एक कांद्याचे अडते पणजोबांचं युफोनियम घेऊन आले होते. शंभरीच्या वरचं, असं घरात म्हणत. नानांनी कळा खोलल्या, आटे मोजले आणि सांगितलं, "आपल्या धाकट्या मेहुण्यांपेक्षा लहान आहे." मेहुणे शेजारीच उभे होते. अडते निघून गेले आणि पंधरा दिवसांनी दुसरं वाद्य घेऊन आले. नानांकडून दुखावलेली माणसं बहुधा परत येतात.

मी धायरीहून गेलो तो वडील वारल्यानंतर तिसऱ्या महिन्यात, त्यांचा कॉर्नेट घेऊन. वडील पोस्टात होते, लग्नसराईत बँडमध्ये वाजवत. कॉर्नेट त्यांना त्यांच्या गुरूंनी दिलेला. तो थेट लंडनचा, साहेबाच्या पलटणीतला, असं ते सांगत. एरवी ते फार कमी बोलत. फुशारकीची अशी एवढी एकच गोष्ट त्यांच्याजवळ होती, आणि ती खरी होती का, हे मला कळायला हवं होतं. कशासाठी, ते मला सांगता आलं नसतं. नानांनी विचारलंही नाही.

त्यांनी कर्ण्यावर कोरलेला नंबर वाचला आणि हुंगायचं विसरले.

"हा नंबर माझ्याकडे अकराव्यांदा येतोय," ते म्हणाले.

मग त्यांनी समजावलं. या नंबराचा कॉर्नेट लंडनहून एकच आला. पुढे तो नमुना म्हणून मेरठला गेला. तिथल्या कारागिरांनी तो इतक्या इमानाने उतरवला, की नाव उतरवलं, नंबर उतरवला, आणि नळीच्या वळणावर एक पितळी ठिगळ होतं, तेही उतरवलं. ठिगळ वाद्याचाच भाग असावा, असं त्यांना वाटलं. "लंडनच्या एकाला मेरठात भावंडं झाली," नाना म्हणाले, "सगळी एकाच नंबराची, सगळी जन्मतः ठिगळ लावलेली." अस्सल ओळखायचा उपाय एकच. जोडाचा डाख तापवून ठिगळ उचलायचं. अस्सल असेल तर खाली भोक सापडणार. दहा वेळा सापडलं नव्हतं.

"उचलू?" त्यांनी विचारलं. परवानगी मागायची सवय नसलेल्या माणसासारखं विचारलं.

मी हो म्हटलं. त्यांनी छोटा बर्नर पेटवला, वळणाभोवती ज्योत फिरवली आणि चिमट्याने ठिगळ अलगद उचललं. खालची नळी सलग होती. बाकी कॉर्नेट काळवंडलेला, तेवढा तुकडा नव्यासारखा पिवळाधमक.

नाना बराच वेळ त्या तुकड्याकडे पाहत राहिले. मग वही ओढून त्यांनी दुसरा रकाना भरला. "मेरठ. तुमच्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठा."

म्हणजे वडील खोटं सांगत होते, असं मी म्हणालो.

"ऐकलं ते सांगितलं त्यांनी. पहिला रकाना त्यासाठीच आहे."

मग मी विचारलं, की अस्सलाखाली भोक असणारच, हे त्यांना कसं माहीत. नाना ज्योत बारीक करत बोलले. अस्सल कॉर्नेट त्यांच्या वडिलांचा. भोक नानांनी पाडलेलं. सात वर्षांचे असताना वडिलांच्या नकळत वाजवायला घेतला आणि जिन्याच्या गजावर आपटला. वडिलांनी स्वतः पत्रा कापून ठिगळ लावलं, पण पूर्वीचा सूर काही लागला नाही. शेवटी त्यांनी तो एका व्यापाऱ्याला देऊन टाकला.

"मला एक शब्द बोलले नाहीत," नाना म्हणाले. "ओरडले असते तर बरं झालं असतं."

एवढं बोलून त्यांनी ठिगळाच्या कडा घासल्या आणि ते पुन्हा नळीवर बसवायला घेतलं. खाली भोक नाही तर राहू द्या, कशाला उगीच त्रास, असं मी म्हटलं.

"अहो, पत्रा कापताना वडिलांचा हात एका कोपऱ्यात तिरका गेला होता," नाना म्हणाले. "हे बघा. मेरठवाल्याने तोही तिरकाच कापलाय."

डाख गार होईपर्यंत ते ठिगळ धरून बसून राहिले.