पाली किती, ते आधी सांगा

कॉम्प्युटरच्या आतला मदरबोर्ड कुठल्या कंपनीचा घ्यावा, असं काशिनाथअप्पांना विचारलं की ते समोरच्याकडं थोडा वेळ बघतात आणि विचारतात, “घरात पाली किती हायत?”

विचारणारा नवा असेल तर हसतो. आमच्या गल्लीतला असेल तर मुकाट्यानं आकडा सांगतो.

मागच्या वर्षी एका क्लासचे फिजिक्सचे सर त्यांच्याकडं आले होते. मोबाइलमध्ये चार कंपन्यांचा तक्ता करून आणलेला. कुठल्या बोर्डावर रॅम किती बसते, पंखे किती लागतात, रंगीत दिवे कुणाचे चांगले, सगळं त्यात होतं. अप्पांनी तक्ता खालपर्यंत सरकवून पाहिला आणि मोबाइल परत दिला.

“समदं हाय ह्यात. पाली न्हाईत.”

“पालीचा काय संबंध, अप्पा?”

“तिला ऊब लागते. थंडीत कॅबिनेटात शिरते, बोर्डावर जाऊन बसते, आन् दोघंबी जातात. तुमच्या तक्त्यातली कुठली कंपनी पाल गेल्यावर बोर्ड बदलून देती, त्ये सांगा.”

सरांनी आठवून आठवून पाच पाली सांगितल्या. अप्पांनी त्यांना आधी कॅबिनेटच्या फटींना बारीक जाळी लावायला पाठवलं. कंपनीचं पुढच्या आठवड्यात बघू म्हणाले.

अप्पा वीज खात्यात लाइनमन होते. अर्धी नोकरी रेणापूरकडच्या खेड्यांत खांबांवर गेली, उरलेली लातुरात. निवृत्त झाल्यावर माणसं देवळाच्या कमिटीत शिरतात. अप्पा मदरबोर्डात शिरले. त्यांचं दुकान नाही. कुणाकडून ते छदाम घेत नाहीत. बिनसाखरेचा चहा तेवढा पितात आणि कपाची दांडी तुटकी असेल तर तेही बोलून दाखवतात. कंपन्यांची नावं घेत नाहीत. लाल खोकं, काळं खोकं, निळं खोकं, एवढंच. लातुरातल्या प्रत्येक गल्लीचा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे डीपी, मात्र त्यांना स्वभावासकट पाठ आहे. “तुमचा डीपी लई तापट हाय,” असं ते एखाद्याच्या सासऱ्याबद्दल बोलावं तसं बोलतात.

मी हे सगळं लांबून बघून हसणाऱ्यांतला होतो. मग माझाच कॉम्प्युटर गेला.

मी क्लासेसच्या प्रश्नपत्रिका टाइप करतो आणि मांडून देतो. छापखान्यातली नोकरी गेल्यापासून घर याच्यावरच चालतं. लातुरात क्लासेसना तोटा नाही, आणि मांडणी करणाऱ्यांनाही नाही. एकदा पेपर वेळेवर गेला नाही की दुसऱ्या दिवशी ते काम दुसऱ्याच्या टेबलावर असतं. त्यामुळे नवा कॉम्प्युटर जोडून घ्यायचा तर तो दणकट हवा होता, आणि मला प्रोसेसर नि प्रेशर कुकर यातला फरक जेमतेम कळतो. मी अप्पांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

“तीन पाली,” मी आधीच सांगून टाकलं.

“शाणे हायत तुम्ही,” अप्पा म्हणाले. “उद्या येतो. दिवसभर.”

ते खरोखरच दिवसभर आले. सकाळी आठला खिशात टेस्टर घालून हजर. प्रत्येक सॉकेट तपासलं, अर्थिंगच्या नावानं भिंतीत नुसतीच वायर सोडलेली आहे हे शोधून काढलं आणि ती सोडणाऱ्या वायरमनचा नावानिशी उद्धार केला. मग खुर्ची टाकून बसले आणि बल्बकडं बघत राहिले. आमच्या मागं डाळ मिल आहे. ती सुरू झाली की आमचा बल्ब थोडा मान टाकतो, हे मला वीस वर्षांत दिसलं नव्हतं. अप्पांना पंधरा मिनिटांत दिसलं. खिडकीच्या कट्ट्यावर बोट फिरवून त्यांनी तुरीची धूळ बघितली. दुपारी जेवले, वामकुक्षी घेतली, उठून पुन्हा बल्बकडं.

“हे अप्पा कॉम्प्युटर जोडायला आलेत की आपली मुलगी बघायला?” सुनंदानं, माझ्या बायकोनं, मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं.

संध्याकाळी निकाल लागला. “लाल खोकं घ्या.”

“का? जोरदार असतं का ते?”

“काळं जोरदार हाय. पर बंद पडलं तर न्ह्यायचं कुठं? लातुरात कुणाचंच सेंटर न्हाई, समद्यांचं नांदेडात. मी तिन्ही ठिकाणी बसून आलोय.”

मला वाटलं, काही काम निघालं असेल म्हणून बसले असतील. पण नाही. अप्पा महिना-दोन महिन्यांतून एकदा सकाळच्या एसटीनं नांदेडला जातात, आणि एकेका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या बाकावर तास-दोन तास नुसते बसतात. कोण काय घेऊन आलं, किती दिवसांनी परत बोलावलं, खेड्यावरून आलेल्या माणसाशी काउंटरवरचा माणूस कसा बोलला, हे बघतात. लाल खोक्याच्या सेंटरमध्ये एक बाई बसतात. त्या आधी पाणी देतात, मग बिल मागतात, आणि “सोमवारी या” म्हणाल्या तर सोमवारी देतात. एवढ्यावरून अप्पांनी कंपनी ठरवली होती. जगात लोक यावर तासतासभर व्हिडिओ बघतात.

“बोर्ड कुणाचाबी जातो, दिलीपराव,” ते म्हणाले. “गेल्यावर कोण दार उघडतंय, ते बघायचं.”

लाल खोकं आलं. अप्पांनी स्वतः जोडून दिलं, जाळीबिळी लावून. दोन महिने यंत्र सुरळीत चाललं, आणि एका गुरुवारी संध्याकाळी एकदम बंद पडलं ते पडलंच. सोमवारी दुपारपर्यंत मला एका मोठ्या क्लासचे सराव परीक्षेचे सगळे पेपर द्यायचे होते. वर्षभराचं काम त्या एका क्लासकडून येणार होतं. मी अप्पांकडं धावलो.

अप्पा आले, बॅटरी लावून आत बघितलं, वायरी काढून-लावून बघितल्या. मग त्यांचा चेहरा असा झाला की मलाच त्यांची दया आली. स्वतः जमवून दिलेलं लग्न मोडल्यासारखे ते खाली बसले.

“पाल न्हाई, धूळ न्हाई. बोर्डच गेला,” ते म्हणाले. “माजं चुकलं.”

“तुमचं काय चुकलं, अप्पा?”

ते उठून घरी गेले आणि अर्ध्या तासानं रिक्षातून स्वतःचा कॉम्प्युटर घेऊन आले. चांगला मोठा स्क्रीन, त्याच्या डोक्यावर चिकटवलेला कॅमेरा. माझी डिस्क काढून त्यांनी त्यांच्या यंत्रात, त्यांच्या डिस्कशेजारी बसवली.

“करा काम. कॅमेऱ्याला हात लावू नगा, त्याचा कोन बसवलेला हाय.”

“आणि तुम्ही?”

“मी कुठं काय करून राहिलो त्याच्यावर? आन् तसंबी माजं नांदेडला काम हाय.”

शुक्रवारी पहाटेच्या एसटीनं ते माझा बोर्ड घेऊन गेले. दुपारी फोन आला: सेंटरच्या बाईंनी सोमवारी सकाळी बदलून देते म्हटलंय, तोवर कंधारला मेव्हण्याकडं राहतो. मी खूश झालो आणि कामाला लागलो. माणूस किती आपमतलबी असतो पाहा. त्यांच्या पदरचे चार दिवस चाललेत, हे माझ्या मनातही आलं नाही.

रविवारी सकाळी नऊ वाजता मी रसायनशास्त्राच्या समीकरणांत बुडालेलो असताना स्क्रीनवर घंटा वाजली आणि कॉल घ्यायची चौकट उघडली. मी घाबरून काहीतरी दाबलं. समोर एक तिशीतली बाई आली आणि लगेच दोन्ही हातांनी भराभर बोलायला लागली. तोंडानं नाही, हातांनीच. मग तिला मी दिसलो आणि हात तसेच थांबले.

मी मोठ्यानं म्हटलं, “अप्पा नांदेडला गेलेत.” तिनं कानाकडं बोट दाखवून मान हलवली. मग मला सुचलं. चुकलेल्या प्रुफाच्या पाठीवर मार्करनं तेच लिहून मी कॅमेऱ्यासमोर धरलं. माझं नाव लिहिलं, बोर्ड गेल्याचं लिहिलं. ती वाचून हसली आणि वही घेऊन आली.

ती उमा. अप्पांची मुलगी, पुण्यात असते, दर रविवारी नऊला त्यांच्याशी बोलते. जन्मापासून ऐकू येत नाही. अप्पांना एक मुलगी आहे एवढं मला माहीत होतं. तिच्याशी बोलता यावं म्हणून अप्पा आणि त्यांची बायको हातांची भाषा शिकले होते, हे एकाच गल्लीत राहून मला ठाऊक नव्हतं. अप्पांची बायको जाऊन चार वर्षं झालीत.

मी कागदावर लिहिलं, “अप्पा मोबाइलवर बोलत नाहीत का?”

तिनं लिहिलं, “शुक्रवारी बोलले. पण फोन धरायला एक हात जातो. मग अर्धंच बोलता येतं, रविवारी घरी नसणार हे सांगायचं राहूनच गेलं. टेकवून ठेवला तर त्यांना माझी बोटं बारीक दिसतात. डोळे अधू झालेत.”

पुढचं तिनं बराच वेळ लिहिलं. आई आजारी होती तेव्हा ती बाळंतीण होती, प्रवास करता येत नव्हता. रविवारी आई तिच्याशी बोलत होती आणि मध्येच अप्पांच्या घरचा कॉम्प्युटर बंद पडला. बोर्ड गेला होता. तो दुरुस्तीला गेला आणि पंधरा दिवस अडकून पडला. कुणी नीट सांगेना, उद्या या म्हणत राहिले. तेवढ्यात आई गेली. “तेव्हापासून बाबा त्या बाकांवर जाऊन बसतात,” असं लिहून तिनं वही खाली ठेवली.

त्या माणसानं आपले रविवारचे दोन्ही हात उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवले होते आणि वर “मी कुठं काय करून राहिलो” म्हणाला होता. मी लिहिलं, “मी त्यांच्याशी चुकीचं वागलो. त्यांचे आभार कसे मानू?”

ती पुन्हा हसली. बोटांची टोकं हनुवटीला लावून हात पुढं आणायचा, एवढं तिनं मला तीन-चार वेळा करून दाखवलं. मी कॅमेऱ्यासमोर तिच्यासारखं करत राहिलो आणि सुनंदा दारात उभी राहून बघत होती. तिनं एकदाही चेष्टा केली नाही.

पेपर सोमवारी सकाळीच पोचते केले. काम माझ्याकडं राहिलं. संध्याकाळी अप्पा आले, धुळीनं माखलेले, काखेत लाल खोकं. चहासुद्धा न घेता त्यांनी नवा बोर्ड बसवला, यंत्र सुरू झालेलं बघितलं, आणि स्वतःचा कॉम्प्युटर उचलायला वाकले.

“अप्पा, उमाताईंचा फोन आला होता,” मी म्हटलं.

ते तसेच वाकलेले राहिले. मग सावकाश सरळ झाले. “काय म्हनली?”

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मी बोटं हनुवटीला लावली आणि हात त्यांच्याकडं नेला.

अप्पा माझ्या हाताकडं बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी बाहीनं पुसले, आणि पुढं येऊन माझं कोपर धरलं.

“हे जरा वर घ्या. आन् बोटं अशी आखडू नगा. लई तोतरं बोलून राहिले तुम्ही.”

मी कोपर वर घेतलं आणि पुन्हा केलं.

“हाव,” अप्पा म्हणाले. “आता आलं ऐकू.”