काकूंच्या कॉफीचा ग्राइंडर

डोईफोडेकाका कॉफीचा ग्राइंडर साफ करायला घेतात, तेव्हा आधी अख्ख्या फ्लॅटचा मेन स्विच बंद करतात. मग स्विचवर लाल पाटी लटकवतात : 'काम चालू आहे. बटण दाबू नये.' पंखे थांबतात, फ्रिज गप्प होतो, काकूंची मालिका ऐन भांडणात विझते. ज्या यंत्रासाठी हा बंदोबस्त, ते पाण्याच्या बाटलीएवढं आहे आणि त्याचा प्लग काकांनी आधीच उपसून ठेवलेला असतो.

थेरगावात आमची भिंत एक. काका मूळचे लातूरकडचे, तीस वर्षं चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल, नारळ आणि मोठ्या साहेबांचं वीस मिनिटांचं भाषण मिळालं. साहेब सगळा वेळ स्वतःबद्दल बोलले. काका सगळा वेळ स्टेजवरच्या कुरकुरणाऱ्या पंख्याकडे बघत होते.

ग्राइंडर काकूंसाठी घेतलेला. काकू बेळगावच्या, ताज्या दळलेल्या कॉफीच्या वासाशिवाय त्यांची सकाळ सुरू होत नसे. काका स्वतः चहा पितात. पण आतल्या दातेरी चकत्या सोडवणं, कोरड्या ब्रशनं भुकटी झाडणं, काडीला कापूस गुंडाळून तेलकट थर पुसणं, हे खातं त्यांचं.

"काका, सरळ नळाखाली धरा की," मी एकदा म्हणालो.

"पाणी?" त्यांनी चष्मा काढला. "सर, तुम्ही इतिहास शिकवता म्हणून सोडून द्यायलोय."

मागच्या वर्षी काकूंना मोठा ताप आला. ताप गेला, जाताना वास घ्यायची शक्ती घेऊन गेला. बरं वाटल्यावर पहिला कप तोंडाला लावून त्या म्हणाल्या, "कॉफीला वासच नाही हो."

काकांनी त्याच दुपारी ग्राइंडर खोलला. "जुनं तेल बसलंय चकत्यांना. खवट झालंय." पुसलं, वास नाही. चकत्यांमधलं अंतर कमी केलं, वास नाही. बिया बदलल्या. चकत्या नव्या आणल्या.

उदबत्तीचाही वास येत नव्हता, उतू गेलेल्या दुधाचाही नाही. एकदा गॅस उघडा राहिला. भिंतीपलीकडून मला वास आला. काकू शेगडीशेजारीच भाजी निवडत होत्या. हे सगळं काकांना ठाऊक होतं. पण कंपनीत कुठलंही मशीन बंद पडलं, की वरचे लोक आधी ऑपरेटरची चूक लिहून मोकळे व्हायचे आणि काका मशीन खोलून दोष शोधून काढायचे. अशा किती जणांच्या नोकऱ्या त्यांनी वाचवल्या, ते कुठल्याच भाषणात आलं नाही. "आधी मशीन बघावं," ते म्हणत. "माणसावर उगं ढकलू नये."

डॉक्टरांकडे मीही सोबत गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, वास परत येईल अशी आशा आता धरू नका. काकू मान खाली घालून पर्सची चेन उघडत-लावत राहिल्या. परतताना रिक्षात, डांगे चौकात काका म्हणाले, "त्यानं ग्राइंडर बघितलाय का?"

परवा रविवारी मी पेपर द्यायला गेलो, तेव्हा काकांनी नुकताच ग्राइंडर जोडून लाल पाटी उतरवली होती. आवाज ऐकण्यासाठी ते तो रिकामाच फिरवत होते. बियांचं पाकीट ओट्यावर होतं, सीलबंद.

"अहो!" बाहेरच्या खोलीतून काकूंची हाक आली. "आला हो वास! आज आला!"

काकांचा हात बटणावरच राहिला. त्यांनी पाकिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"पूर्वीसारखा का?" त्यांनी ओरडून विचारलं.

"अगदी तस्साच. आता पुरे करा ती खोलाखोली. बोटं सुजलीयत तुमची."

"बघ, म्हणलं नव्हतं का? चकतीतच दोष होता."

मग त्यांनी कात्री घेतली आणि बाहेर आवाज जाऊ नये इतक्या हळू, एकेक बोट पुढे सरकत, पाकीट कापलं.